कोपऱ्यातलं बुटाचं टोक

“आये, हे भात उचलू आता. पावने येतील ते पाय कुठं ठेवतील?”

“पावन्यांना डोळे हायेत ना? कडेकडेनं येतील.”

माझी सून संगिता झाडू घेऊन अंगणाच्या टोकाला उभी होती. सकाळपासून तिचं तेच तुणतुणं. ओट्यापासून थेट बांधापर्यंत मी लाल भात वाळत घातलं होतं. घरचं बियाणं, पुढच्या सालाचं. कार्तिकातलं ऊन असं चांगलं पडलं असताना कोणी जर्मनीहून येतंय म्हणून भात गोळा करायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

“जरा तरी लोकांची लाज धर.”

“कोण्या लोकांची? भाताला लाजायचं व्हय मी?”

तिने झाडू आपटला आणि आत गेली. मग आतूनच बोलली, “आणि त्या फोटोचं आज काढू नको. फादरांनी मला दोनदा सांगितलंय.”

तेच तर आज काढायचं होतं. त्यासाठीच मी हिरवं लुगडं नेसून, गळ्यात चांदीची सरी घालून बसले होते. सुकऱ्या, माझा नवरा, नरपडच्या चिकूच्या वाडीत कामाला होता तेव्हाची ती सरी.

फोटोची गोष्ट सांगायची तर आधी जमीन हलली ते सांगावं लागेल.

करोनाच्या आधीच्या थंडीत आमच्याकडे धरतरी हलायला लागली. एकदा हलली आणि थांबली असं नाही. रोजच. आधी खालून गुडगुड ऐकू यायची, लांबून रेतीचा ट्रक यावा तशी, मग फळीवरची भांडी वाजायची, मग कुत्री. डहाणू-तलासरीतले पाडेच्या पाडे घराबाहेर पेंढ्यावर झोपायला लागले. आमचा डोंगरपाडाही. सुकऱ्याने वाडीतल्या मजुरीवर विटांचं घर बांधलं होतं. पाड्यातलं पहिलं विटांचं घर. मागची भिंत एका सकाळी अशी बसली, जसा थकलेला माणूस बसतो. तो त्याआधीच गेलेला. बरं झालं, त्याने पाहिलं नाही.

तलासरीच्या चर्चचं जर्मनीतल्या एका चर्चशी नातं जुळलं ते तेव्हा. बहीण-चर्च म्हणतात. तिकडच्या एका लहान गावाने आमची बातमी ऐकली आणि म्हणाले, ही माणसं आपली. त्यांनी तंबू पाठवले, ताडपत्र्या पाठवल्या, मग लोखंडी खांब आणि पत्रे. चर्चला कोण जातो आणि कोण जात नाही, हे विचारलं नाही. मी जात नाही. माझ्या घरात हिरवा देव आहे, कणसरी आहे. कणसरी म्हणजे आमची धान्याची आई. संगिता वेवजीची, तिचं माहेर चर्चवालं, ती जाते. तिने माझ्या देवांना नावं ठेवली नाहीत, मी तिच्या देवाला नाही. बाकी सगळ्यावरून आम्ही भांडतो.

आज माझं घर त्या खांबांवर उभं आहे, नाही म्हणत नाही. कोणी केलेलं मी विसरत नाही. फादर नविन पत्रे घेऊन आले तेव्हा दोन कोंबड्या हातात दिल्याशिवाय मी त्यांची गाडी वळू दिली नव्हती. माझं भांडण पत्र्यांशी नव्हतं. माझं भांडण फोटोशी होतं.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर संगिता ओट्यावर बसून मोबाइल बघत होती. मी जवळ गेले तशी तिने तो उलटा केला. सुनेने मोबाइल उलटा केला की सासूने सुलटा करायचा असतो. बघितलं तर मी. जर्मनीतल्या चर्चच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, मी. पडक्या भिंतीपुढे जमिनीवर फतकल मारलेली. केस सुटलेले, तोंड उघडं, एक हात पुढे केलेला. कोणीही म्हणेल, बाई रडते आहे आणि भीक मागते आहे. फोटोखाली मेणबत्त्या लावलेल्या.

“हे काय गं?”

संगिता अंगणवाडीत पन्नास पोरं गप्प करते, पण मी विचारलं की तिलाच बोलता येत नाही.

“दर रविवारी ते लोक तुझ्यासाठी प्रार्थना करतात, आये,” ती शेवटी म्हणाली. “किती वर्षं झाली.”

“काय म्हणून?”

“गरीब बिचारी म्हणून.”

त्या दिवशी मी भाकरी तोडली नाही. बिचारी! सुकऱ्या गेला तेव्हा पाड्यातल्या एकाने मला बिचारी म्हटलं नाही. कोणाची छातीच नव्हती. आणि मी कधी न बघितलेल्या गावात, मी कधी न गेलेल्या देवळात, लहान पोरंसोरंसुद्धा माझ्याकडे बघून हात जोडतात आणि म्हणतात, बिचारी.

मग कळलं की त्या चर्चची माणसं येणार आहेत, आणि फोटोतल्या बाईला भेटायचं म्हणतात. मी म्हटलं, या. तोंडावर सांगते. उतरवा म्हणते.

दुपार कलायच्या आत गाडी आली. पुढे फादर नविन. त्यांच्यामागे एक उंच तरुण माणूस, त्याची मान ऊन लागून लाल झालेली. आणि त्याच्यामागे एक बाई. माझ्याच वयाची. पांढरे केस पुरुषासारखे कापलेले, पायात विजार, एक गुडघा धरून चालणारी. छातीशी कापडी पिशवी घट्ट धरलेली.

फादरांनी अंगणात पाय टाकायला उचलला.

“फादर! कडेनं.”

त्यांचा पाय वरच राहिला. मग तिघेही कुंपणाला धरून, खेकड्यासारखे आडवे चालत ओट्यापर्यंत आले. आत संगिताने कपाळावर हात मारलेला मला न बघताही कळला.

खाटेवर बसवलं. चहा झाला. बाईचं नाव रेनाटा. उंच माणूस तिच्या चर्चमधलाच, त्याला इंग्रजी येतं. म्हणजे ती तिच्या भाषेत बोलणार, तो इंग्रजीत सांगणार, फादर मराठीत सांगणार, आणि मी बोलले की पुन्हा तेच उलट. विहिरीतून पाणी काढून तीन हातांतून द्यावं तसं. वाटेत किती सांडेल, ते देव जाणे.

ती बाई काहीतरी हळू बोलली. फादर म्हणाले, “मावशी, रेनाटाबाई म्हणतात, तुमाला भेटायची फार वर्षांची इच्छा होती.”

“बरं. त्यांना सांगा, तुमी तंबू दिले, खांब दिले, त्याची मला जाण हाय. आता माझा तो फोटो भिंतीवरून उतरवा. मी रडकी नाय आणि भिकारीण पण नाय. मला न विचारता लावला, तो माझ्या डोळ्यांदेखत उतरवला पायजे.”

फादर हसले. मग इंग्रजीत बोलले, गोड आवाजात, दोन्ही हात हलवत. उंच माणूसही हसला. रेनाटाही हसली आणि मान हलवून मला हात जोडले.

मला तेव्हाच वास आला. मी एवढं कडू बोलले आणि एवढं गोड कसं पोचलं?

“संगिता,” मी आत बघून हाक मारली. “काय म्हणाले फादर?”

संगिता बारावीपर्यंत मिशनच्या वसतिगृहात राहिलेली. तिला इंग्रजी कळतं. ती दाराच्या चौकटीत आली. फादरांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं पोरगं दुसऱ्या पोराकडे बघतं, सांगू नको म्हणून.

ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, झालं, ही आपल्या फादरांचीच बाजू घेणार. मग म्हणाली, “आये, ते म्हणाले, चर्चमध्ये फोटो लावला याचा तुला फार आनंद झालाय.”

“फादर!”

“मावशी, ऐका...”

“देवाचे माणूस तुमी! पांढरा झगा घालून खोटं बोलता?”

“एवढ्या लांबून आलेत ते. वाईट वाटेल.”

“मला वाटलं त्याचं काय?”

फादरांनी रिकामा कप परत उचलला. वाईट माणूस नाही तो. भूकंपात रात्र-रात्र तंबूंतून फिरला आहे, म्हाताऱ्यांच्या अंगावर स्वतःची शाल टाकली आहे. पण त्याला दोन माणसांत वाकडं झालेलं सोसवत नाही. अशी माणसं मग सगळ्यांचं बोलणं साखरेत घोळवतात.

“फादर, मी सांगू?” संगिता म्हणाली.

आणि तिने सांगितलं. अडखळत सांगितलं, मधे दोनदा थांबली, पण सांगितलं. उंच माणसाचं हसू मावळलं. त्याने रेनाटाकडे तोंड केलं आणि तिच्या भाषेत बोलला, खाली बघत.

भातावर चिमण्या उतरल्या होत्या, त्यांना हाकलायचंही सुचलं नाही मला.

रेनाटाने पिशवी मांडीवर घेतली. आतून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली. उलगडली. तीच चौकट. तोच फोटो. पण मोबाइलवर दिसला तसा नाही. खालच्या बाजूने मातकट डाग चढलेला, माझ्या हनुवटीपर्यंत. जसं मीच गळ्यापर्यंत पाण्यात बसले होते.

ती बोलत गेली. उंच माणूस सांगत गेला. या वेळी फादर मधे पडले नाहीत, संगिताच मला सांगत होती.

त्यांच्या गावातून नदी जाते. लहान नदी, पोरं उड्या मारून ओलांडतात अशी. करोनाच्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात ती रातोरात घरांत शिरली. चर्चमध्ये माणूस बुडेल एवढं पाणी. उतरल्यावर गाळच गाळ. बाक, पुस्तकं, देवाच्या मूर्ती, सगळं एकात एक. रेनाटा फावड्याने गाळ काढत होती तेव्हा तिला हा फोटो सापडला. संगिताच्या मोबाइलवर आलेलं चित्र त्याआधीचं होतं. तिने तो नळाखाली धुतला. तिचं घर खालून गेलं होतं, गावातले सगळे शाळेत राहत होते. तिने तो तिथे आपल्या खाटेच्या डोक्याशी ठेवला. चर्च पुन्हा उभं राहिलं तेव्हा तिनेच परत भिंतीवर लावला.

“ती म्हणते,” संगिता म्हणाली, “रोज सकाळी मी हिच्याकडे बघायची. ही बाई नक्की उठली असणार, असं म्हणायची आणि मग उठायची.”

मी त्या मातकट डागाकडे परत बघितलं.

रेनाटाने चौकट माझ्यापुढे धरली. “ती म्हणते, येतानाच उतरवून आणलाय. तुला द्यायला. तिला पण वाटत होतं की विचारायला पायजे होतं. आता तुझा फोटो तुझ्याकडे. पण एक विचारते.”

तिने फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. उजव्या हाताला, अगदी कडेला. काळं काहीतरी.

“हे काय आहे? इतकी वर्षं बघते आहे, कळत नाही.”

मी चौकट हातात घेतली. मोबाइलवर ते कधी दिसलंच नव्हतं. बुटाचं टोक.

आणि मला हसूच फुटलं. सरी वाजेपर्यंत हसले मी.

“सांग तिला, संगिता. हा त्याचाच बूट. फोटो काढणाऱ्याचा.”

“कोणाचा?”

“मुंबईहून कोणी आणला होता तो. गळ्यात एवढा कॅमेरा. अगं, भिंत पडली तेव्हा कणगी फुटली ना आपली! बियाण्याचं सगळं लाल भात मातीत सांडलेलं. मी बसून एकेक दाणा गोळा करत होते. आणि तो मेला बूट घालून थेट भातावर! कणसरीवर! मी हात करून ओरडत होते, पाय काढ, आंधळ्या, पाय काढ. त्याला वाटलं बाई रडते. तो आणखी जवळ आला. जितकी मी ओरडले तितके त्याने फोटो काढले.”

संगिता माझ्याकडे बघतच राहिली. “मग हात...”

“भीक मागत नव्हते. बूट दाखवत होते.”

“इतके महिने मला का नाय बोललीस?”

“तू विचारलंस कधी? तू पण बिचारीच म्हणालीस.”

तिने सांगितलं. उंच माणूस आधी नीट ऐकत होता, मग त्याचे खांदे हलायला लागले. त्याने रेनाटाला सांगितलं. तिने फोटोकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं, माझ्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. आणि असं हसली ती बाई, की तिला गुडघा धरावा लागला. डोळे पुसत काहीतरी बोलली.

“ती म्हणते, सगळं गाव इतकी वर्षं शिव्या देणाऱ्या बाईपुढे मेणबत्त्या लावतंय.”

“लावू दे. शिव्यांना पण उजेड लागतो,” मी म्हटलं.

“कुठल्या शिव्या होत्या तेही विचारतात,” फादर हळूच म्हणाले. त्यांना आता परत बोलायचं होतं.

“त्या तुमच्या तोंडून बाहेर पडायच्या नायत, फादर. राहू द्या.”

चहा पुन्हा झाला. मग रेनाटाने आपल्या मोबाइलवर एक फोटो दाखवला. रस्त्यात चिखल, चिखलात एक खुर्ची, खुर्चीवर ती. तोंडावर दोन्ही हात. तिकडच्या वर्तमानपत्रात आला होता म्हणाली.

“कोणाला ओरडत होतीस तू?” मी विचारलं.

संगिताने विचारलं, उंच माणसाने विचारलं. रेनाटाने मान हलवली. नाही. तिने एकच वाक्य सांगितलं. पाणी चढत असताना तिचा नवरा तळघरात पाण्याची मोटार बंद करायला उतरला, तो वर आलाच नाही.

संगिताने मला ते सांगितलं आणि पदर तोंडाला लावला.

मी उठले आणि तिच्या खाटेवर तिच्या शेजारी जाऊन बसले. मी रडले नाही असं नाही कधी. सुकऱ्याची भिंत पडली, त्या रात्री तंबूत मी रडले. कॅमेरावाला तेव्हा नव्हता. हिच्या वेळी होता, एवढाच फरक. तिचा हात माझ्या हाताएवढाच खरखरीत होता. फावड्याचा हात. आम्ही दोघी भाताकडे बघत बसलो. त्याला भाषा लागत नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा चौकट माझ्या मांडीवरच होती. मी ठरवलं होतं, हातात आली की चुलीत घालायची. परत एकदा पाहिली. काय तो आवेश! आता इतकं स्वच्छ दिसत होतं, की सगळ्यांना रडणं कुठून दिसलं याचंच नवल वाटलं. सुकऱ्या असता तर त्याने लांबूनच ओळखलं असतं. माझं नाव घेऊन म्हणाला असता, जिवली तापली आहे, कोणी पुढे जाऊ नका.

मी चौकट टॉवेलात गुंडाळली आणि रेनाटाच्या पिशवीत घातली.

“घेऊन जा. लाव परत. पण सगळ्यांना उभं राहून सांग, ही बाई रडत नाय. बियाणं राखते.”

मग मी आत गेले. देवापाशी टांगलेली नव्या भाताच्या कणसांची जुडी काढली. लाल भाताचीच. मातीतून वेचलेल्या त्या दाण्यांपासून दर साल धरत आणलेलं बियाणं.

“हे फोटोच्या खाली बांध.”

फादर कळवळले. “मावशी, विमानतळावर काढून घेतील. असलं काही नेऊ देत नाहीत.”

“मग काढून घेणाऱ्याला सांगा, खाली टाकू नको म्हणावं.”

रेनाटाने जुडी दोन्ही हातांत घेतली. ओट्याच्या पायरीवर बसली, दुखरा गुडघा लांब केला आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. उंच माणूस धरायला गेला, तिने त्याला हाताने थांबवलं. बूट पिशवीत घातले. आणि पांढऱ्या पायांनी, कुंपणाच्या कडेकडेने, खडे टोचत असताना, गाडीपर्यंत चालत गेली. फादरांनीही चपला हातात घेतल्या. मी सांगितलं नव्हतं.

गाडी गेल्यावर संगिता म्हणाली, “बरं झालं भात उचललं नाय.”

“चिमण्या हाकल,” मी म्हटलं.

त्यानंतर काही खबर नाही. मी विचारायची नाही, पण संगिताचा मोबाइल वाजला की कान तिकडे जायचा. तिला ते कळत होतं. मुद्दाम म्हणायची, “अंगणवाडीचा मेसेज हाय, आये.” भात वाळलं, नव्या कणगीत भरलं, शेणाने तोंड लिंपलं. कणसं त्या विमानतळावर कचऱ्यात गेली असतील, असं मी धरून चालले.

नाताळच्या आधी एका संध्याकाळी ती चर्चमधून आली ती सरळ चुलीपाशी. मोबाइल सुलटा धरून.

भिंत तीच. चौकट तीच, हनुवटीपर्यंत डाग असलेली. खाली लाल दोऱ्याने कणसांची जुडी बांधलेली. मेणबत्त्या बाजूला सरकवल्या होत्या, कणसांना आच लागू नये एवढ्या.

“खाली बघ,” संगिता म्हणाली.

दगडी फरशीवर, बरोबर कणसांच्या खाली, चहाची एक पांढरी बशी ठेवली होती. तीत चार-पाच लाल दाणे पडलेले.

“रेनाटाबाईंनी ठेवलीय. दाणे गळतात ना. कोणाचा पाय पडू नये म्हणून.”

मी मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं, पुसलं.

“बशी लहान हाय,” मी म्हटलं. “तिला सांग, परात ठेव.”